केबिनमधला आवाज : प्रस्तावना

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा राजमार्ग वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर अशी एकाहून एक गजबजलेली गावे ओलांडून रांजणगावच्या शिवारात येतो, तेव्हा महागणपतीच्या दर्शनाला निघालेली यात्रेकरूंची वाहने आणि औद्योगिक वसाहतीच्या फाटकांकडे वळणारे अवजड कंटेनर यांच्या दाटीतून वाट काढणाऱ्या ज्या लहान मालवाहू गाड्या दृष्टीस पडतात, ज्यांना हा सारा मुलूख पिकअप या एकाच नावाने ओळखतो, त्यांच्या चालकांसाठी आणि मालकांसाठी ही पुस्तिका लिहिली आहे. शिरूर तालुक्यातील कांदा आणि डाळिंब, दौंडकडचा भाजीपाला, पहाटेचे दूध, कारखान्यांचे सुटे भाग, लग्नाची भांडी, शर्यतीच्या घाटाकडे निघालेले बैल, यांपैकी काहीही या गाड्यांच्या हौद्याला वर्ज्य नाही. आणि तो हौदा रात्री गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रिकामा करून सकाळी चाकणच्या रस्त्याला लागणारा चालक आपल्या घरातील कोणत्याही खोलीत बसत नसेल इतका काळ त्या चार हातांच्या केबिनमध्ये बसलेला असतो. जेथे मनुष्याचा इतका काळ जातो त्या जागेतील आवाज कसा असावा, हा प्रश्न चैनीचा नसून रोजच्या जगण्याचा आहे, अशी माझी पक्की धारणा आहे आणि तिच्यातूनच हा खटाटोप घडला आहे.

याच रांजणगावच्या वसाहतीत २०१७ पासून जीप कंपास आणि टाटा नेक्सॉन या मोटारी तयार होतात. कंपासच्या वरच्या प्रतीत पुढे नऊ स्पीकरांची सोय आली, आणि नेक्सॉनमध्ये तर आरंभापासूनच हर्मन या नामांकित कंपनीची ध्वनियंत्रणा बसविण्यात आली. ज्या पिकअप या कारखान्यांना लागणारे लहानमोठे सामान आणून टाकतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या डॅशबोर्डात मात्र स्टिरिओच्या जागी प्लास्टिकचे एक झाकण असते, आणि दरवाजाच्या पॅडवर स्पीकरची जाळी असली तरी तिच्यामागे पोकळी असते. जेथे कंपनीने काही बसविलेले असते तेथेही ते कागदी शंकूचे, लहानशा चुंबकाचे, केवळ जागा भरून काढणारे असते. यात कंपनीला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. मालवाहू गाडी घेणारा मनुष्य आधी हौद्याचे वजन पाहतो, मग डिझेलचा हिशेब करतो, मग दरमहाच्या हप्त्याचा; स्पीकर कोणता आहे हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा. त्यामुळे ही उणीव भरून काढण्याचे काम रस्त्याकडेच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांवर येऊन पडते. तेथील कारागिरांच्या हातातील कसब मी जवळून पाहिले आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. पण त्यांच्याकडे येणारा चालक बहुधा एकच मागणी घेऊन येतो, आणि ती मागणी म्हणजे आवाज मोठा पाहिजे. या पुस्तिकेचा सारा रोख त्या मागणीकडून दुसऱ्या मागणीकडे, म्हणजे आवाज स्पष्ट पाहिजे या मागणीकडे, वाचकाला वळविण्याचा आहे.

वाहनात ध्वनी आणण्याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसेल असा रेडिओ मोटोरोला या नावाने बाजारात आणला. आपल्याकडे पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे रेडिओ बाळगणाऱ्याला टपाल कचेरीत जाऊन रीतसर परवाना काढावा लागे व त्याची फी भरावी लागे. फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ साली निघाली आणि पुढे तिने ट्रकच्या केबिनमध्ये असे ठाण मांडले की लोकगीतांचा, भक्तिगीतांचा, तमाशातील वगांचा फार मोठा श्रोतृवर्ग चाकांवरच निर्माण झाला. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोहोचला त्यात या केबिनांचा वाटा लहान नव्हे. आज कॅसेटची जागा पेनड्राइव्हने आणि मोबाइलने घेतली आहे. पण पहाटे अभंग, दुपारी लावणी आणि रात्री डोळ्यांवर झापड येऊ नये म्हणून एखादे रंगलेले कीर्तन, हा क्रम बऱ्याच चालकांनी अजून सांभाळला आहे. कीर्तनात तर शब्दच सर्वस्व. कीर्तनकाराने दृष्टान्ताची बांधणी करीत श्रोत्याला नेमक्या वाक्याशी आणावे आणि ते वाक्यच गुरगुरीत बुडून जावे, याहून मोठी निराशा ती कोणती?

ही गुरगुर मुख्यत्वे इंजिनाची असते, आणि तिचे शास्त्र समजून घेतल्यावाचून पुढे एक पाऊलही टाकता येत नाही. चार सिलिंडरांच्या डिझेल इंजिनात दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. म्हणजे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे ६७ आणि २४०० फेरे घेत असेल तर ८० स्फोट. ढोलकीची घुमारी, तबल्याच्या डग्याचा नाद, सिनेसंगीतातील बेस यांचा मुलूख याच्याच शेजारी आहे. तात्पर्य, चालकाला जो खर्ज कमी ऐकू येतो तो स्पीकरमधून निघत नाही असे नसून इंजिनाच्या त्याच जातीच्या नादाने तो झाकला जातो. ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे तो बेसचे बटण शेवटपर्यंत फिरवितो, त्यानेही भागले नाही म्हणजे सीटच्या मागे बेसट्यूब बसवून घेतो, आणि शेवटी इंजिनाशी झुंजणारा एक नवा गोंगाट केबिनमध्ये आणून ठेवतो. शब्दांचे वास्तव्य या पट्ट्यात नाहीच. दूरध्वनीवरून जे बोलणे आपण बिनचूक समजतो ते ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातून येत असते, आणि स, श, च, त या व्यंजनांची धार त्याच्याही वरपर्यंत जाते. सबब, पिकअपमध्ये पहिला पैसा खर्चायचा तो या मधल्या आणि वरच्या पट्ट्यावर. खर्ज हवाच असेल तर तो मागाहून आणि बेताने आणावा.

आता वॅटविषयी. बाजारातील जवळजवळ प्रत्येक स्टिरिओच्या खोक्यावर ५० वॅट गुणिले ४ असा आकडा ठळक छापलेला असतो आणि गिऱ्हाईक त्याच्यावर इतबार ठेवून पैसे मोजतो. हा आकडा कोठून येतो ते पाहणे बोधप्रद आहे. गाडी चालू असताना बॅटरीवर सुमारे १४.४ व्होल्ट दाब असतो. या संख्येचा वर्ग करून त्याला स्पीकरच्या ४ ओहम रोधाने भागले की ५१.८ येतात. परंतु एवढी शक्ती तेव्हाच निघेल जेव्हा ध्वनीच्या लाटेचा माथा साफ कापला जाऊन ती चौकोनी होईल, म्हणजेच ज्या क्षणी गाणे गाणे राहणार नाही. लाट तिच्या स्वाभाविक गोलाईत ठेवायची तर हिशेबाची कमाल मर्यादा २६ वॅट आहे, आणि आतील घटकांत होणारी घट वजा जाता हाती १८ ते २० वॅट उरतात. यावर निराश होण्याचे कारण नाही, कारण केबिनसारख्या लहान जागेत शुद्ध असे १८ वॅट पुष्कळ झाले. कानाचा हिशेब निराळा असतो: शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो, आणि तो दुप्पट मोठा वाटावा यासाठी शक्ती जवळपास दसपट करावी लागते. उलटपक्षी ८७ डेसिबल संवेदनक्षमतेचा (ठरावीक शक्तीत स्पीकर किती आवाज देतो त्याचे हे माप) स्पीकर काढून त्या जागी ९० डेसिबलचा बसविला, तर एक वॅटही न वाढविता शक्ती दुप्पट केल्याचे फळ मिळते. हा संवेदनक्षमतेचा आकडा खोक्याच्या मागच्या बाजूस बारीक टाइपात असतो; दुकानात उभे राहून तो वाचण्याची सवय चालकांना लागली तर मला फार समाधान वाटेल.

स्पीकर जळतो तो जास्त वॅटने, अशी सार्वत्रिक समजूत आहे. व्यवहारात उलटा प्रकार अधिक घडतो. लहान ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे पिळला की लाटेचे माथे कापले जातात, सरासरी शक्ती वाढते, वरच्या पट्ट्यात उष्णतेचा भार पडतो आणि वरचे स्वर काढणाऱ्या ट्वीटर या लहान स्पीकरची केसासारखी बारीक तार प्रथम दगावते. ॲम्प्लिफायरवरील गेन नावाचा जो स्क्रू असतो तो आवाज वाढविण्यासाठी नसून स्टिरिओकडून येणाऱ्या संकेताशी मेळ घालण्यासाठी असतो, हे त्या स्क्रूजवळ मराठीत लिहून ठेवावे असे मला अनेकदा वाटले आहे.

सर्वांत दुर्लक्षित, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग दरवाजा हा होय. काच फिरवायची दांडी तिच्यामागची बारीक क्लिप सरकवून काढली, दरवाजा ओढायच्या मुठीचे दोन स्क्रू सोडविले आणि कडेच्या प्लास्टिकच्या खुंट्या एकेक करून उचकल्या की पॅड हातात येते. त्याखाली डिंकाने चिकटविलेले पातळ प्लास्टिक दिसते. ते हळूच बाजूला सारले की पत्र्याच्या आतील भिंतीला लहानमोठी भोके दिसू लागतात. ही भोके कारखान्याने काच आणि कुलूप बसविताना हात आत घालता यावा म्हणून ठेवलेली असतात. स्पीकरच्या दृष्टीने मात्र ती घातक आहेत. स्पीकरचा शंकू पुढे सरकताना पुढची हवा दाबतो आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ करतो. या दोन लाटा परस्परविरोधी असतात, आणि मागची लाट त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या लाटेला भेटली की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. विशेषतः खालचे स्वर तेथेच नाहीसे होतात. उघडा दरवाजा म्हणजे शाई गळून पडलेला पखवाज; वाजविणारा कितीही कुशल असला तरी त्यातून नाद उमटायचा नाही. ही भोके ब्युटिल रबरावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढविलेल्या डॅम्पिंग शीटने बुजविली आणि बाहेरच्या पत्र्याच्या आतील अंगालाही तिचे काही तुकडे दाबून चिकटविले, तर पत्र्याची थरथर थांबते आणि त्याच जुन्या स्पीकरमधून इतका भरीव आवाज येतो की चालक पुन्हा पुन्हा स्टिरिओकडे पाहतो. नवा स्पीकर घेण्याआधी हे करून पाहावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

येथे दोन खबरदाऱ्या आहेत. दरवाजाच्या तळाशी लहान फटी असतात. पावसाचे पाणी काचेच्या कडेने आत उतरते आणि त्या फटींतून बाहेर जाते. उत्साहाच्या भरात त्या बुजविल्या तर पाणी आत साचून पत्रा सडतो. दुसरे असे की नवा साडेसहा इंची स्पीकर पक्का करण्यापूर्वी काच पूर्ण खाली उतरवून पाहावी, कारण खोल चुंबकाचा स्पीकर काचेच्या वाटेत येतो आणि टोल नाक्यावर घाईने काच उतरविली की एकतर काच तडकते किंवा स्पीकरची चौकट वाकते. हे पाणी लक्षात घेता पिकअपच्या दरवाजासाठी कागदी शंकूपेक्षा पॉलिप्रोपिलीनचा शंकू अधिक टिकाऊ, आणि नगर रस्त्यावरची धूळ पाहता त्यावर जाळी तर हवीच हवी.

डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या तारा एकाच क्रमाने जोडलेल्या आहेत की नाहीत हे तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल घेऊन त्याचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला व ऋण टोक ऋण टोकाला क्षणभर टेकवावे. शंकू बाहेर उसळला तर खूण बरोबर आहे. एक शंकू बाहेर आणि दुसरा आत जात असेल तर दोन्ही स्पीकर उत्तम असूनही खर्ज नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज समोरून न येता कोठून येतो ते उमगत नाही. मग चालक पुन्हा नव्या स्पीकरच्या शोधात निघतो, आणि वस्तुतः काम दोन तारांची अदलाबदल करण्याचे असते.

विजेच्या जोडणीबाबत मी थोडा कठोर होणार आहे. ॲम्प्लिफायर ३० अँपिअर ओढीत असेल आणि त्याला बॅटरीपासून चार मीटर लांबीची, अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दिली असेल, तर त्या तारेतच ०.८ व्होल्टहून अधिक दाब खर्ची पडतो. दहा चौरस मिलिमीटरची तार वापरली तर हे नुकसान ०.२ व्होल्टवर येते. स्वस्त तारांत पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा केवळ मुलामा असतो, तेव्हा वरून जाड दिसणाऱ्या तारेवर भरवसा ठेवण्यापूर्वी तिचे टोक खरवडून पाहावे. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, हातभर अंतराच्या आत असलाच पाहिजे. इंजिनाच्या आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून तार आत येते तेथे रबरी बुश नसला, तर खड्ड्यांच्या हादऱ्याने तिचे आवरण घासत जाते आणि एके दिवशी उघडे तांबे पत्र्याला टेकते. त्या वेळी फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ असेल तर त्याचा काडीइतकाही उपयोग नाही, कारण बॅटरी आणि तो पत्रा यांच्यामध्ये तो नसतोच. ज्या गाडीवर एका कुटुंबाचा चरितार्थ चालतो ती एवढ्या कारणाने पेटावी हे मला सहन होण्यासारखे नाही. कंपनीची वायर कापून जोड मारण्यापेक्षा योग्य कपलर आणून जोडावा; त्याने हमीविषयी तंटा उद्भवत नाही आणि गाडी विकताना सारे पूर्ववत करता येते. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून येऊ लागली, तर अर्थिंगची जागा रंग खरवडून पक्की करावी, आणि संकेताची केबल व बॅटरीची तार केबिनच्या दोन निरनिराळ्या अंगांनी न्यावी.

हौद्यात भिंतीसारखे स्पीकर रचून मिरवणुकीपुढे चालविण्याच्या पिकअपविषयी या पुस्तिकेत एकही प्रकरण नाही, आणि ते मी बुद्ध्याच वगळले आहे. गणेशोत्सवात, लग्नाच्या वरातीत, जत्रेत या गाड्यांची चलती असते आणि त्यांवर कित्येकांचे पोट चालते हे मी जाणतो. तरीही ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिली आहे, रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली आहे, आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या सभोवारचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद केली आहे. हे निर्बंध मला सर्वथा न्याय्य वाटतात. शेजारच्या घरात तान्हे मूल असते, दम्याचा म्हातारा असतो, दुसऱ्या पाळीहून आलेला कामगार नुकता आडवा झालेला असतो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने बंधने घातलेली आहेत. मी ज्या आवाजाविषयी लिहीत आहे त्याची सरहद्द केबिनच्या काचेपाशी संपते.

काचेच्या आतही मर्यादा आहे. कान हे इंद्रिय दुरुस्त होत नाही. आरोग्यशास्त्रात मान्यता पावलेल्या एका दंडकानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला अवघा एक. काच उघडी ठेवून भरधाव जाणाऱ्या डिझेल गाडीत नुसत्या वाऱ्याचा आणि इंजिनाचाच गोंगाट मोठा असतो; त्यावर मात करण्यासाठी आवाज चढवीत गेलेला तरुण चालक चाळिशीत समोरच्याला दोनदा विचारू लागतो. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला नाही तर काय होते, हे या रस्त्यावर चालविणाऱ्याला मी सांगण्याची गरज नाही. इंजिनाच्या आवरणाखाली आणि केबिनच्या तळाशी जाड रबरी चटई व डॅम्पिंग शीट घातली, दरवाजाची झिजलेली रबरे बदलली, तर बाहेरचा गोंगाट उतरतो आणि स्टिरिओचा आवाज कमी ठेवूनही शब्द न् शब्द कळतो. हा खर्च ध्वनियंत्रणेच्या खात्यात धरण्याची रूढी नाही; या पुस्तिकेत मी तो पहिल्या ओळीत धरला आहे.

पुढील प्रकरणांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे: आधी गोंगाट उतरविणे, मग दरवाजा, मग पुढचे दोन स्पीकर आणि ट्वीटर, त्यानंतर स्टिरिओ, आणि एवढे करूनही मनाजोगे झाले नाही तरच ॲम्प्लिफायर व सीटखालचा चपटा वूफर. बहुतेकांना तिसऱ्या पायरीपलीकडे जावे लागणार नाही असा माझा अंदाज आहे. आकडेमोड मी शक्य तेथे मजकुरातच सोडवून दाखविली आहे, आणि भाषेत कारागिरांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत, म्हणजे दुकानात उभे राहून बोलताना वाचकाला अडचण पडू नये. ज्याला सारे पुस्तक वाचण्याची सवड नाही आणि ज्याची गाडी उद्याच भाड्यावर जायची आहे, त्याने निदान दरवाजाचे आणि फ्यूजचे अशी दोन प्रकरणे वाचावीत, आणि मगच पॅडच्या पहिल्या स्क्रूला हात घालावा.